प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की सगळ्याच दैनिकांत कट-ऑफचे तक्ते झळकतात आणि त्यांच्या पाठोपाठ ठरावीक वाद सुरू होतो. खुल्या गटातल्या मुलाला इतके गुण मिळूनही जागा नाही आणि आदिवासी मुलाला त्याहून कितीतरी कमी गुणांवर मिळाली, हे कसं? यंदाही आपल्या वाचकांच्या पत्रांत हा प्रश्न आलाच. मी निवृत्त होईपर्यंत मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, शिकवली. नवी मुलं सगळ्यात आधी ज्यांच्या हाताखाली येतात, त्या शिक्षकांपैकी मी एक. तिथून जे दिसलं ते लिहिते आहे. माझं म्हणणं एकच आहे. मेडिकलला लागलेला आदिवासी मुलगा पुढे टिकतो की गळतो, हे त्याच्या 'नीट' या प्रवेशपरीक्षेतल्या गुणांपेक्षा पहिल्या सहा महिन्यांवर जास्त अवलंबून असतं आणि त्या सहा महिन्यांची जबाबदारी आपली महाविद्यालयं घेत नाहीत.

जागांबद्दल आधी थोडक्यात. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा आहेत, अखिल भारतीय कोट्यात साडेसात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले आदिवासी एक कोटी पाच लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या ९.३५ टक्के होते. तेव्हा कुणाच्या ताटातलं काढून यांना जास्तीचं वाढलं जातंय, अशी परिस्थिती मुळीच नाही. आणि महाविद्यालयाच्या दारातून आत आल्यावर सवलत संपते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच, बाहेरून येणारे परीक्षक तेच, पास व्हायची रेषाही तीच. पहिलं वर्ष पास व्हायला जास्तीत जास्त चार संधी आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांच्या आत संपवायचा, हा नियमही सगळ्यांना सारखा. 'कमी मार्कांचे डॉक्टर' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आता त्या सहा महिन्यांत काय होतं ते सांगते.

ॲनाटॉमी हाडांपासून सुरू होते. अभ्यासाला हाडांचा सेट लागतो आणि तो स्वस्त नसतो. त्यामुळे बहुतेक सेट सीनियरकडून ज्युनियरकडे फिरतात, कधी अर्ध्या किमतीत, कधी नुसते उसने. ज्याचा मोठा भाऊ किंवा क्लासमधली मैत्रीण आधीच कॉलेजात आहे, त्याच्या खोलीवर पहिल्याच रविवारी सेट पोचतो. सेटबरोबर जुन्या व्हायवांचे, म्हणजे तोंडी परीक्षांचे, प्रश्न पोचतात, कोणते सर काय विचारतात ते पोचतं, जर्नलमधल्या आकृत्या पोचतात. अभ्यासक्रमात कुठेही न लिहिलेलं हे शिक्षण पहिल्या पंधरवड्यात वाटलं जातं आणि ज्याला ओळखदेख नाही त्याच्यापर्यंत ते येतच नाही. मोखाड्याहून आलेल्या मुलाच्या ओळखीचा सीनियर कुठून असणार?

असा एक वारली मुलगा माझ्या टेबलावर होता. आश्रमशाळेतून शिकलेला, घरात दहावीपुढे गेलेला तो पहिलाच. वसतिगृहाची यादी लागायची होती, म्हणून तो टिटवाळ्याला मामाच्या खोलीवरून येऊन-जाऊन करत होता. लायब्ररीतून हाडं घरी न्यायची तर अनामत रक्कम भरावी लागे, ती त्याच्याकडे नव्हती. मग डिसेक्शन हॉल बंद होईपर्यंत तो तिथेच एका कोपऱ्यात बसून हाडं बघायचा आणि शिपायानं दिवे मालवायला घेतले की उठायचा. पहिल्या पार्टच्या, म्हणजे अभ्यासक्रमाचा पहिला भाग संपल्यावरच्या, व्हायवात मी त्याच्या हातात स्कॅप्युला, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, दिला आणि कुठल्या बाजूचा ते विचारलं. त्यानं तो नीट फिरवला, स्पाइन (हाडावरची उंच कड) मागे, ग्लिनॉइड (खांद्याच्या सांध्याची खोबण) बाहेरच्या अंगाला, आणि स्वतःच्या उजव्या खांद्यामागे बरोबर जिथे असतो तिथे धरून दाखवला. पुढचा प्रश्न मी इंग्रजीत विचारला, की याला जोडलेल्या स्नायूंची कामं सांग. त्याचे ओठ हलले, शब्द काही फुटला नाही. मी म्हटलं, "बाळा, मराठीत सांग." तेव्हा तो हात अंगालगत सोडून उभा राहिला. हात उचलायला सुरुवात सुप्रास्पायनेटस करतो, पहिले पंधरा अंश. तिथून पुढे डेल्टॉइड घेतो. डोक्याच्या वर न्यायचा तर स्कॅप्युला स्वतः फिरावा लागतो, असं म्हणत म्हणत त्यानं हात वर नेऊन दाखवला. वर्गातल्या फार थोड्या मुलांनी इतकं समजून उत्तर दिलं होतं. शेजारच्या टेबलावर अर्ध्या तासापूर्वी याच मुलाच्या नावापुढे जवळजवळ काहीच गुण पडले नव्हते, कारण तिथे त्याला मराठीत बोलायची मुभा मिळाली नव्हती.

अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत असली तरी आदिवासी भागात ती शिकवली जातात मराठीतून. नीटची प्रश्नपत्रिकाही मराठीत घेता येते आणि तिथे बोलावं काहीच लागत नाही, नुसते गोल रंगवायचे. एमबीबीएसला आल्यावर मात्र पहिल्या महिन्यापासून समोर उभं राहून इंग्रजीत बोलायचं असतं. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आला आणि त्यात भाषेचे तासही ठेवले गेले. आमच्याकडे त्या तासांचा बहुतेक वेळ परराज्यांतून आलेल्या मुलांना कामापुरतं मराठी शिकवण्यात गेला. ते गरजेचं आहेच, त्यांना पेशंटशी बोलायचं असतं. पण ज्यांना इंग्रजीचा हात हवा होता ती मुलं त्या वेळी कॅन्टीनमध्ये बसून होती, कारण मराठी येणाऱ्यांना त्या तासाला सुट्टी होती.

पैशाची गोष्ट तर याहून साधी आहे. ज्या आदिवासी विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. मुंबईसाठी तिची रक्कम वर्षाला ६० हजार ठरवली गेली, म्हणजे महिन्याला पाच हजार. परळ, सायन, भायखळा या भागांत पाच हजारांत खाट आणि दोन वेळचं जेवण मिळतं का, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. बरं, ही रक्कम आणि शिष्यवृत्ती खात्यावर जमा होते ती अर्ज, छाननी, त्रुटी, पुन्हा अर्ज हे सगळं उरकल्यावर. फी, ॲप्रन, पुस्तकं, मेसची आगाऊ रक्कम हा सगळा खर्च आधी उभा राहतो. तोवर मुलगा कुणाच्या तरी खोलीत पॅरासाइट म्हणून, म्हणजे स्वतःची जागा नसताना, जमिनीवर झोपतो. मेसचे पैसे थकले की एक वेळ जेवतो आणि कुणाला सांगत नाही. २०१८ च्या जुलैत वसतिगृहांतली मेस बंद करून पैसे खात्यात देण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते, ते उगीच नाही. उपाशीपोटी अभ्यास होत नाही, इतकं साधं त्यांचं म्हणणं होतं.

आणि मग वसतिगृहात पहिल्या रात्री विचारला जाणारा प्रश्न : "तुझा रँक किती?" ज्यानं विचारलं त्याला आकडा नको असतो, जात हवी असते. आमच्या नोटीस बोर्डावर कित्येक वर्षं प्रवेशाची यादी नावापुढे प्रवर्ग छापून लागायची. प्रवेश झाल्यावर त्या रकान्याचा शिक्षणाशी काय संबंध? मी विभागाच्या बैठकीत विचारलं, तर उत्तर मिळालं की यादी वरून तशीच येते. वरून आलेली यादी कार्यालयात ठेवावी, बोर्डावर फक्त नाव आणि रोल नंबर लावावा, इतकंच मागणं होतं.

हे मी कुणाला हळवं करण्यासाठी लिहीत नाही. २२ मे २०१९ रोजी याच शहरात, नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. त्या जळगावकडच्या, तडवी भिल्ल या आदिवासी समाजाच्या. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ डॉक्टरांना अटक झाली, खटला उभा राहिला. त्याच वर्षी पायलच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात २०१६ मध्ये आत्महत्या केलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याच्या आई राधिका वेमुला यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१२ मध्ये केलेले नियम प्रत्यक्षात पाळले जावेत, ही त्यांची मागणी. मुलगी गमावलेल्या आईला आणि मुलगा गमावलेल्या आईला जे कोर्टात जाऊन मागावं लागलं, ते खरं तर प्रत्येक अधिष्ठात्यांच्या टेबलावर आधीपासून होतं. त्या नियमांत समान संधी कक्ष आहे, भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी आहे. आपल्या मुंबईतल्या किती विद्यार्थ्यांना त्या अधिकाऱ्याचं नाव ठाऊक आहे, हे एखाद्या वार्ताहरानं महाविद्यालयांत फिरून विचारावं.

यातलं काहीच नवं नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीनं केली, अहवाल २००७ मध्ये आला. वसतिगृहात त्रास होतो म्हणून ही मुलं खोल्या बदलून एकत्र राहायला गेली, व्हायवा आणि प्रॅक्टिकलमध्ये आपल्याला न्याय मिळत नाही असं त्यांनी सांगितलं, शिक्षकांची मदत मिळत नाही हेही सांगितलं. देशातल्या सगळ्यात नामांकित संस्थेतली ही गत. तो अहवाल वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणात कधी वाचायला दिलेला मला आठवत नाही.

जात वैधतेबद्दलही, म्हणजे जमातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याबद्दलही, दोन शब्द लिहायला हवेत. खोट्या दाखल्यांवर आदिवासींच्या जागा लाटणारे आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध सर्वात आधी ओरड आदिवासी संघटनांनीच केली. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की दावा खोटा ठरला तर त्यावर मिळवलेला प्रवेश वा नोकरी राखता येणार नाही. ते योग्यच. पण ज्याची जमात खरी आहे त्याच्या वाट्याला काय येतं तेही बघा. १९५० पूर्वीचा पुरावा आणा. आजोबा कधी शाळेत गेले नाहीत, जमीन दुसऱ्याच्या नावावर, कोतवालाच्या नोंदवहीतलं पान फाटलेलं. जव्हारहून समितीकडे खेटे घालायचे तर बापाची मजुरी बुडते. प्रवेशाच्या तोंडावर, मुदतीच्या शेवटच्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानासमोर रडणारी मुलगी मी पाहिली आहे. अकरावीला विज्ञान शाखा घेतलेल्या प्रत्येक आदिवासी मुलाचं वैधतेचं काम आश्रमशाळेनं आणि आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयानं त्याच वर्षी हाती घेऊन बारावीच्या आत संपवावं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

या मुलांची समाजाला गरज आहे, असं भाषणात सगळेच म्हणतात. मला एक प्रसंग सांगू द्या. बायोकेमिस्ट्रीत सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शिकवतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं, हे दीडशे मुलं वहीत उतरवतात आणि परीक्षेत लिहितात. त्या तासानंतर नंदुरबारमधल्या धडगावकडची एक पावरा जमातीतली मुलगी आमच्या विभागात आली आणि तिनं विचारलं, की लग्न ठरायच्या आधी दोघांचं रक्त तपासायचं तर आमच्या तालुक्यात ते कुठे होईल? तिच्या आत्याची दोन मुलं या आजारानं अंथरुणाला खिळली होती. बाकीच्यांना जो एका गुणाचा प्रश्न होता, तो तिच्या घरचा होता. सिकल सेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठेवून. तपासणीची कार्डं वाटली जातील, पण दोघंही वाहक असतील तर पुढे काय, हे पावरी बोलीत, घाबरवून न टाकता, घरात बसून कोण समजावणार? ती मुलगी आज तिकडेच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. पहिल्या वर्षी ती नापास झाली होती, दोन विषयांत. तिला सांभाळून घेणारी एक सीनियर भेटली म्हणून ती घरी परत गेली नाही. हे नशिबावर सोडलेलं होतं, आणि ते तसं सोडायला मी तयार नाही.

कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या राज्यातल्या तीन जमाती सरकारनं विशेष असुरक्षित म्हणून नोंदवल्या आहेत. त्यातले कातकरी आपल्या अगदी शेजारचे, रायगड-पालघर-ठाण्याचे. माझ्या नोकरीभरात एकही कातकरी मुलगा किंवा मुलगी माझ्या वर्गात बसलेली मी पाहिली नाही. आरे कॉलनीतल्या पाड्यांवरून तर गोरेगावचा दवाखाना दिसतो, पण तिथल्या मुलामुलींनाही मेडिकलची वाट लांबच आहे. सात टक्क्यांच्या आतसुद्धा कोण पोचतं आणि कोण पोचत नाही, हे बघायला हवं.

बाहेरच्या देशांत हे काम पन्नास वर्षांपासून चालू आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांसाठी १९७२ मध्ये प्रवेशाची वेगळी योजना आली, आणि आज त्या योजनेत प्रवेशाबरोबर शिकवण्या आणि सांभाळून घेणारी माणसंही मिळतात. अमेरिकेत नॉर्थ डकोटा विद्यापीठानं १९७३ मध्ये तिथल्या मूलनिवासी विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केला, तो शाळकरी मुलांच्या उन्हाळी वर्गांपासून सुरू होतो आणि मेडिकलमध्ये पोचल्यावरही पाठीशी राहतो. आपल्याकडे पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट'नं आदिवासी आणि गरीब मुलांना नीटसाठी मोफत शिकवून दाखवलं. जे काम एमबीबीएसची मुलं स्वतःचा अभ्यास सांभाळून करतात, ते पगारी प्राध्यापकांच्या महाविद्यालयांना का जमू नये? नंदुरबारला २०२० पासून शासकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीलाही आता झालं. जागा वाढल्या, चांगलं झालं. आता त्या जागांवर बसणाऱ्या मुलांकडे बघा.

मला काय हवं ते नेमकं लिहिते. आदिवासी विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशीच खोलीची किल्ली मिळावी. यादी मागाहून लागली तरी चालेल. अनामत न घेता लायब्ररीतून हाडांचा सेट आणि पाठ्यपुस्तकं वर्षभरासाठी द्यावीत. शिष्यवृत्ती येईपर्यंत महाविद्यालयानं स्वतःच्या निधीतून मेसचे पैसे भरावेत आणि रक्कम आली की वळते करून घ्यावेत. पहिल्या टर्मच्या व्हायवात मराठीतून उत्तर द्यायची मुभा असावी, आणि त्याच काळात वैद्यकीय इंग्रजी बोलण्याचा रोजचा एक तास असावा, म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षेपर्यंत मूल स्वतःहून इंग्रजीवर येतं. ते येतं, मी पाहिलं आहे. अतिरिक्त वर्ग सगळ्यांसाठी खुला ठेवावा, त्याला प्रवर्गाचं नाव देऊ नये. नाव दिलं की ज्याला गरज आहे तोच लाजेनं येत नाही. आणि प्रत्येक पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक नेमावा, ज्यानं पहिल्या चाचणीचा निकाल लागण्याआधी त्यांच्याशी बसून बोललं पाहिजे. निकालानंतर बोलावणं म्हणजे खुलासा मागितल्यासारखं होतं.

महापालिकेचा आरोग्य विभाग, वैद्यकीय शिक्षण संचालनालय आणि आदिवासी विकास विभाग, तिघांनी मिळून हे मुंबईतल्या एका तरी महाविद्यालयात यंदापासून सुरू करावं. ॲनाटॉमीचा वर्ग दर शनिवारी घ्यायला मी तयार आहे, मानधन नको. फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीच्या माझ्या निवृत्त सहकाऱ्यांशी बोलले आहे, तेही येतील. ज्या अधिष्ठात्यांना हवं असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, माझा पत्ता आपल्याकडे आहे. वर्ग पहिल्या पार्टच्या व्हायवाच्या आधी सुरू व्हावा, एवढी एकच अट आहे.

आपली,
एक निवृत्त ॲनाटॉमी-शिक्षिका
मुलुंड, मुंबई
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)